दोन सुतांचा सांधा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना खिडकी हा प्रकार मुळात मंजूरच नव्हता. तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती घातल्या जायच्या त्या ऊन, दरोडेखोर आणि शेजाऱ्याची नजर या तिघांनाही एकदमच बाहेर ठेवायला. रस्त्यानं जाताना वाटायचं, या घरांचं गावाशी काहीतरी बिनसलंय आणि ती पाठ करून बसली आहेत. उजेड लागलाच तर तो वरून मागवायचा. माळवदाला सानं ठेवलेलं असे. त्यातून उन्हाचा एक गोल तुकडा आत उतरे आणि दिवसभरात सावकाश सगळ्या घराची पाहणी करून जाई: सकाळी जात्यापाशी, दुपारी माजघराच्या उंबऱ्यावर, कलत्या वेळी कणगीच्या पोटावर. पाऊस आला की पोरं वर धावत आणि सान्यावर घमेलं पालथं घालत. खाली भर दुपारी दिवेलागण होई. माझ्या आजीला बाहेर काय चाललंय हे बघायची गरज कधी पडली नाही. तिला ते ऐकू येई. चाकांच्या आवाजावरून गाडी कुणाची हे ती ओळखे. भिंतीपलीकडे कुणी खाकरलं तर त्याचा बांधाचा खटला कुठवर आलाय हेही सांगे. अशा बाईला बारा काचांची खिडकी दिली असती तर तिनं आधी तिला पडदा शिवला असता.

खिडकी आली ती सरकारबरोबर. निजामाच्या राज्यात कचेरी, अदालत, डाकबंगला, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी भिंतीत काच बसू लागली, आणि काचेचा अर्थ लोकांना न सांगता कळला: इथं बसलेल्या माणसाकडे कुणी डोकावून बघितलं तरी चालतं, कारण त्याचं कोण काय वाकडं करणार! हे धाडस मग हळूहळू व्यापाऱ्यांत उतरलं. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी लातुरापर्यंत आली. इथला माल घेऊन गेलेल्या डब्यांतून परतताना गवतात गुंडाळलेल्या काचांच्या पेट्या आल्या असतील, अशी माझी आपली कल्पना. १९१७ साली गंजगोलाईची दुमजली इमारत उभी राहिली आणि तिच्याभोवती सोळा रस्त्यांचं चाक फिरू लागलं. त्यांतल्या एका रस्त्यावरच्या आडत दुकानाच्या दारावर मी लहानपणी एक अर्धगोल कमान पाहिली होती. उगवत्या सूर्याचे किरण काढावेत तशा लाकडी पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये तांबड्या, हिरव्या, पिवळ्या काचा. दुपार कलली की हे रंग आत गादीवर उतरत. एका ठरावीक वेळी उघड्या चोपडीच्या जमेच्या बाजूवर हिरवा पडे आणि नावेच्या बाजूवर तांबडा. शेटजी तेवढ्या वेळापुरती चोपडी मिटून ठेवत. रंगावरून हिशेब वाचायची सवय लागली तर घात होईल, असं काही त्यांच्या मनात असावं. किंवा ती नुसती त्यांच्या चहाची वेळ असेल.

आता जरा गावच्या सुताराचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्यांचा बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, गाडीचं चाक, पाळणा. काम वर्षभर करायचं आणि बलुतं सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारीच्या रूपात घ्यायचं. लाकूड बाभळीचं, चिवट आणि गाठाळ. तिफणीच्या सांध्यात बोट गेलं तरी कुणी तक्रार करत नसे. पाचर ठोकली की पेरणी निघून जाई. अशा माणसासमोर एके दिवशी कुणीतरी किनवटच्या जंगलातलं सागवान आणून टाकलं आणि सांगितलं, की याची अशी जाळी कर जिच्यात काच बसेल, बसलेली हलणार नाही, पावसाचं पाणी आत येणार नाही, आणि पट्टी इतकी बारीक ठेव की लांबून दिसू नये. ज्या वस्तूसाठी ही सगळी उठाठेव, ती काच त्यानं हातात धरलेली नाही. बरं, या कामाला बलुत्यात भावही नाही. एका खिडकीमागे किती पायल्या ज्वारी घालायची हे कुठल्याच पाटलाला ठाऊक नव्हतं. त्या पहिल्या सुतारानं काय केलं असेल याची मला फार उत्सुकता आहे. मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील एवढं नक्की.

त्यानं जे केलं असेल ते मी पाहिलं नांदेडला, इतवाऱ्यातल्या एका बोळात. तिथं एका मिस्तरींचं दुकान आहे. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला सर म्हणतात, आणि या दोन संबोधनांच्या मधल्या जागेत आमचं बरं चाललं आहे. जुन्या चौकडीच्या खिडक्या दुरुस्त करणारे आता फारसे उरले नाहीत, त्यांतले ते. त्यांच्याकडची पट्टी असते सात सूत रुंद. आठ सुतांचा इंच, म्हणजे इंचाला एक सूत कमी. बाहेरच्या अंगाला काच टेकावी म्हणून दोन्हीकडून खाच मारलेली, त्यामुळे मध्ये उरतं ते दोन सुतांचं पातं, फक्त पाव इंच. आतल्या, माणसांकडच्या अंगाला गोलवा दिलेला. अशी एक उभी पट्टी आणि अशीच एक आडवी जिथं एकमेकींना छेदतात, तिथं भानगड सुरू होते. अखंड कुणी राहायचं? उभीला अखंड ठेवून आडवीचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याच्या टोकाला बारीकसं कुसू काढून ते उभीच्या पोटात घालावं लागतं. आणि दोन सुतांच्या पात्यात दोन्हीकडून कुसवं घुसल्यावर पोट उरतं कुठं? म्हणून चाचा दुसरी वाट धरतात. उभीचं निम्मं लाकूड पुढून काढायचं, आडवीचं निम्मं मागून, आणि एक दुसरीत उतरवायची. मागच्या बाजूनं हे सोपं असतं. पुढं मात्र गोलवे आहेत. चारी दिशांनी येणारे चार गोलवे पंचेचाळीस अंशांत तिरके कापून एका टिंबावर आणावे लागतात, आणि ते टिंब मोहरीच्या दाण्याएवढंसुद्धा इकडेतिकडे झालेलं चालत नाही.

चाचा खूण करायला पेन्सिल वापरत नाहीत. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, असं त्यांचं म्हणणं. गुण्या लावून चाकूच्या टोकानं चिरा मारतात, बारीक दातांच्या करवतीनं दोन हलके हात फिरवतात, मग पटाशी. तीवर ठोकत नाहीत. तळहाताचा भार देतात आणि श्वास सोडता सोडता ती पुढं सरकवतात. सागाची एक अर्धपारदर्शक सुरळी निघते आणि कोऱ्या चामड्यासारखा वास येतो. पट्ट्या एकमेकींत बसवून बघतात, उजेडासमोर धरतात, काढतात, पुन्हा एका श्वासाचं लाकूड कमी करतात. बारा काचांच्या झडपेत असे सहा सांधे असतात, शिवाय भोवतालच्या चौकटीत शिरणारी दहा टोकं. शेवटच्या सांध्याला पट्टीत चीर गेली की आधी साधलेले सांधेही तिच्याबरोबर गेले. मी एकटक बघत होतो ते त्यांच्या लक्षात आलं.

"सर, काय बघूलालाव एवढं? लाकूडच हाय ते."

"चाचा, हे सगळं बसल्यावर दिसणार कुणाला?"

"दिसलं म्हंजे बिघडलं," ते म्हणाले आणि पुढच्या सांध्याकडे वळले.

लिहिणाऱ्या माणसाला इथं मोह होतो. दोघी निम्म्या झाल्या म्हणून दोघी अखंड राहिल्या. असा सांधा एकदा दिसला की त्यावर नवराबायको टांगता येतात, मराठी-उर्दू टांगता येते, झालंच तर मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रही टांगून होतो. सत्काराच्या भाषणात असल्या सांध्याला फार मागणी असते. मी चाचांपुढं या दिशेनं एक वाक्य सुरू केलं होतं. त्यांनी शांतपणे पट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जरा धरा." मला गप्प करावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना खरोखरच कुणीतरी पट्टी धरायला हवं होतं.

मुळात बारा काचा कशाला, एकच मोठी का नाही, हा प्रश्न आम्हा पोरांना कधी पडला नाही, कारण खिडकी म्हणजे चौकडीची वही असावी तशीच असते असा आमचा समज होता. खरं कारण दूर युरोपातल्या भट्ट्यांमध्ये होतं. तिथले कारागीर फुंकणीच्या टोकाला तापलेल्या काचेचा फुगा करत, तो सळईवर घेऊन गरगर फिरवत, की फुगा उमलून त्याची चारेक फुटांची तबकडी होई. तबकडी गोल आणि माणसांच्या खिडक्या चौकोनी, म्हणून तिच्यातून लहान लहान चौकोन कापायचे. अगदी मधोमध, सळई चिकटलेली असे तिथं, भोवऱ्यासारखी जाड गाठ राही. तो तुकडा टाकाऊ, गरिबाच्या नाहीतर तबेल्याच्या खिडकीला लावायचा. आता ती गाठ मुद्दाम साच्यात पाडून जास्त पैशाला विकतात, ही पुढची गंमत. तर मुद्दा असा, की मोठी काच जमत नव्हती म्हणून लहान काचा, आणि लहान काचांना धरायला कुणी हवं म्हणून या पट्ट्या. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या, पेशानं माळी असलेल्या गृहस्थानं प्रदर्शनासाठी काचेचा अख्खा महाल उभा केला. बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंनी त्याला तीन लाखांच्या आसपास काचा पुरवल्या. आणि त्या काचा धरणारी लाकडी पट्टी लागली २०० मैलांहून अधिक. लातूरहून रात्रीच्या बसनं पुण्याला निघालं आणि ही पट्टी रस्त्याच्या कडेनं अंथरत गेलं, तर उजाडता उजाडता हडपसरच्या आसपास ती संपेल. एवढी पट्टी हातानं कोण काढणार? ती कापायला पॅक्स्टननं आधीच एक यंत्र तयार केलेलं होतं. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी बाकी सगळं सोडून एकच विचारलं: "सांधे कुणी मारले?"

पुढं १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीनं जाहीर केलं, की वितळलेल्या कथलावर काच तरंगवली तर ती हवी तेवढी रुंद आणि आरशासारखी सपाट निघते. त्या दिवशी जगातल्या सगळ्या खिडक्यांमधल्या पट्ट्या तत्त्वतः निवृत्त झाल्या. आदेश आमच्याकडे पोचायला तीस-चाळीस वर्षं लागली, आणि मराठवाड्यात हे काही विशेष नाही.

त्या मधल्या काळात माझं शिक्षण झालं. आमच्या शाळेची इमारत निजामाच्या वेळची, आणि वर्गाच्या खिडकीला जुन्या, पाण्यासारख्या हलणाऱ्या काचा. भूगोलाच्या तासाला मी त्या खिडकीचा अभ्यास केला. वरच्या ओळीत डावीकडे लिंबाचा शेंडा, त्याच्या शेजारी नुसतं आभाळ, मग झेंड्याचा खांब. मधल्या ओळींत कौलं आणि पाण्याचा हौद. खालच्या ओळीत रुळाचा तुकडा टांगलेला, आणि त्यावर हातोडी मारायची वाट बघत उकिडवा बसलेला शिपाई. प्रत्येक तावदानात वेगळं गाव. हेडमास्तर व्हरांड्यातून जाऊ लागले की पहिल्या काचेत बारीक आणि उंच होत, पट्टीमागे क्षणभर नाहीसे होत, दुसऱ्या काचेत रुंद होऊन निघत, तिसरीत त्यांची मान जरा मागे राही आणि कोट पुढं जाई. इतक्या धाकाच्या माणसाला आमच्यासमोर रोज असं विरघळून पुन्हा घट्ट व्हावं लागे, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. वर्गात कुणी हसत नसे. पण ते प्रत्यक्ष दारातून आत आले की वाटे, हे मघापेक्षा जरा कमी खरे आहेत.

काच फुटली की तिच्या जागी काहीबाही येई. पत्रा, पुठ्ठा, बी-बियाणांच्या कंपनीचं कॅलेंडर, निवडणुकीतला हसरा उमेदवार. तालुक्याच्या एका दवाखान्यात मी खिडकीच्या एका चौकोनात एक्स-रेची फिल्म लावलेली पाहिली आहे. सकाळी ऊन आलं की कुण्या अनोळखी माणसाच्या बरगड्या खिडकीत उजळत, आणि रांगेत बसलेले पेशंट आपला नंबर येईपर्यंत त्या मोजत. एका म्हाताऱ्यानं तिच्याकडे बोट दाखवून कंपाउंडरला विचारलं होतं, "हे बरं झालं का मंग?" चौकडीच्या खिडकीचा हा मोठेपणा होता. एक काच गेली तर खिडकी जात नसे. उरलेल्या अकरा तिला सांभाळून घेत आणि बाराव्या जागी तात्पुरता कुणीही चाले. आताची सहा फुटी काच एकदाच फुटते आणि आठवडाभर घर ताडपत्रीमागे बसतं.

काच पट्टीत बसते ती लांबीच्या जोरावर. खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र मळून केलेला हा लगदा अंगठ्यानं खाचेत दाबायचा आणि पातीनं तिरका निपटून घ्यायचा. जवस म्हणजे तेच, ज्याची चटणी आमच्याकडे भाकरीबरोबर असतेच असते. हिवाळ्यात ज्याची फिकी निळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपारच्या आत गळून जातात. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रातल्या लोकांनी ज्या पिकांमागे उमेदी घालवल्या, त्यांतलंच हे एक. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःच घट्ट होतं. त्यामुळे लांबी पहिले काही दिवस बोटानं खड्डा पडेल इतकी मऊ राहते, आणि शाळेतल्या पोरांना हे माहीत असतं. आमच्या वर्गातल्या खिडकीच्या लांबीवर अंगठ्यांचे इतके ठसे होते की पोलिसांना सबंध तालुक्याची नोंद तिथंच मिळाली असती. मग मराठवाड्याचा मे महिना येतो. पारा चव्वेचाळिसावर बसतो, लांबी भेगाळते, सागवान आकसतं, आणि वैशाखातल्या पहिल्या वावटळीला सगळी खिडकी बारीक दात वाजवल्यासारखी वाजू लागते. मृगात तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि झडप चौकटीत रुतून बसते. चाचा म्हणतात, सांधा फार आवळून बसवू नये. लाकडाला वर्षातून दोनदा अंग हलवायचं असतं.

हे त्यांचं म्हणणं मी कारागिराची लकब म्हणून ऐकलं असतं, किल्लारीचा भूकंप झाला नसता तर. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी त्या तीन फुटी भिंती, ऊन आणि दरोडेखोर बाहेर ठेवणाऱ्या, आत पडल्या. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा एक थर चढवायची रीत होती. कितीतरी पिढ्यांचे थर त्या एका पहाटे खाली आले. हजारो माणसं गेली. चाचा तेव्हा नांदेडहून एका ट्रकमध्ये बसून औसा तालुक्यात गेले होते, ढिगारे उपसायला. त्याबद्दल ते बोलत नाहीत. एवढंच एकदा म्हणाले, की काही घरांत भिंती पार गेल्या होत्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता, वर माळवद घेऊन. "सांधा हालला, तुटला न्हाई." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घातली आणि जरा डावी-उजवीकडे हलवली. नंतर नवी गावं वसली, सिमेंटची, सरळ रस्त्यांची, लहान खिडक्यांची. लोकांनी ढिगाऱ्यातून जुनी सागवानी दारं शोधून काढली आणि त्या नव्या घरांना लावली. अशा एका वसाहतीत मी एक दार पाहिलं. घडीव, कमळं कोरलेलं, पितळी कड्यांचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा इंचांची भिंत. दार भिंतीपेक्षा जाड दिसत होतं. घरातल्या बाईंना मी काही विचारलं नाही. त्या कडीला राख लावून घासत होत्या.

नांदेडात मात्र खिडक्या रस्त्यावर आल्या त्या शांतपणे. २००८ साली शिखांच्या गुरुता गद्दीची त्रिशताब्दी झाली, त्यासाठी शहर सजलं, रस्ते रुंद झाले, आणि बऱ्याच जुन्या घरांना चार पावलं मागे सरावं लागलं. त्यांची तोंडं भंगारात गेली. त्यांतल्या काही झडपा चाचांनी घेऊन ठेवल्या आहेत. दुकानाच्या भिंतीला टेकून त्या उभ्या असतात आणि त्यांतून पलीकडे भिंतच दिसते. गिऱ्हाईक येतं, उभ्या उभ्या लाकडाचा भाव विचारतं. सागवान जुनं आहे, त्याचा पाट होईल, देव्हारा होईल. सांध्याचे पैसे कुणी धरत नाही. उलट सांध्याच्या जागी लाकूड निम्मं असल्यामुळे तेवढा तुकडा बाद म्हणून वजा करतात.

आणि इतक्यात, म्हणजे सगळ्यांनी एकसंध काचा लावून झाल्यावर, चौकडी परत आली. तिला आता जुना थाट म्हणतात. प्लॅस्टिकच्या खिडक्या विकणाऱ्या दुकानात दोन काचांच्या मध्ये पांढऱ्या पट्ट्यांची जाळी घालून मिळते. ती कशाला धरत नाही, तिला कुणी धरत नाही. विकणारा तरुण मोठ्या कौतुकानं सांगतो, की धूळ बसायचं काम नाही, पुसायचे कोपरे नाहीत. त्याला बारा तावदानांचे अठ्ठेचाळीस कोपरे दसऱ्याच्या आधी वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसणारी माझी आत्या भेटायला हवी होती. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं असतं आणि मग विचारलं असतं, की मग त्या आहेत कशाला? हौस, दुसरं काय! मला त्या तरुणाचा राग येत नाही. काचेतल्या गाठीपासून धोतराच्या सोग्यापर्यंत माणसानं अडचण म्हणून सुरू केलेल्या कितीतरी गोष्टी शोभा म्हणून पुढं चालवल्या आहेत, आणि मीही लिहिताना फाउंटन पेन वापरतो.

चाचांनाही असं एक काम आलं. लातूरला औसा रोडवर एका डॉक्टरांचा नवा बंगला. जिन्यासमोर भली मोठी अखंड काच. डॉक्टरांना तिच्यावर आतून लावायला सागवानी चौकडी हवी होती, बारा घरांची, जुन्या वाड्याला शोभेल अशी. पुसायच्या वेळी काढून ठेवता यावी म्हणून चार कोपऱ्यांना फिरक्या. वास्तुविशारदानं रीतसर लिहून दिलं होतं: पट्ट्या कापा, फेविकॉल लावा, मागून पिना मारा. दोन दिवसांचं काम. चाचांनी ते लिहिलेलं वाचून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि सहाच्या सहा सांधे निम्म्यात निम्मे मारले, गोलवे टिंबावर आणले. ज्या जाळीला काचेचा गुंजभर भार नाही, वाऱ्याचा धक्का नाही, पावसाचं पाणी नाही, तिला त्यांनी वादळातल्या खिडकीचा सांधा दिला. डॉक्टर म्हणाले, "मिस्तरी, एवढे दिवस कामून लागले?" चाचा म्हणाले, लाकूड ओलं होतं. खोटं त्यांना तेवढंच सुचलं. पैसे दोन दिवसांचेच मिळाले.

जाळी काचेवर महिना-दीड महिना होती. मग डॉक्टरांच्या आईंनी पुसण्यासाठी म्हणून ती खाली काढली आणि ती परत वर गेलीच नाही. उन्हाळा लागला होता, कुरडयांचे दिवस. त्यांनी ती गच्चीवर नेली, दोन स्टुलांवर आडवी टाकली, वर जुनं धुवट लुगडं अंथरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. खालून वारा, वरून ऊन. चिकाचा भार तसा थोडाथोडका नसतो. पिना मारलेली जाळी असती तर पहिल्याच ओळीला मधून उघडली असती. ही हललीसुद्धा नाही. बाजेपेक्षा फार बरी, झोल पडत नाही, असं त्या गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या. चाचा दुसऱ्या कुठल्या कामाला तिकडे गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं, वर नेलं, दाखवलं, वाटीभर तळलेल्या कुरडया पुढं ठेवल्या.

"असलीच आणखी एक करून द्या बगा," त्या म्हणाल्या. "पण घरं जरा मोठाली ठेवा. आन् हे गोल गोल नका काढू, लुगडं घसरतंय."

चाचांनी दुसरी जाळी केली. घरं मोठी ठेवली. गोलवा मात्र दिलाच, एका अंगाला, आणि पालथी टाका म्हणून सांगून आले.